पायरीचं कडवं

त्या हिवाळ्यात मी महादेवाशी अबोला धरला होता. दिवा लावायची, बेल वाहायची, पण बोलायची नाही. आई जन्मभर ज्या चौरागडाचं गाणं म्हणत आली, तिथं यंदा शिवरात्रीला मी तिला नेणार होते. गाडीही ठरली होती. आणि पौषात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दरवर्षी काही ना काही आडवं येऊन राहिलेली यात्रा आता कायमची राहिली.

आईचं माहेर सावनेरकडचं. तिकडच्या बाया पचमढीच्या डोंगरातल्या चौरागडच्या महादेवाला जाताना वाटेचं गाणं म्हणत. कन्हानच्या पाण्याला एक कडवं, सिलेवानीच्या घाटाला एक, मग तामियाची दरी, देनवा नदीची वाळू. नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडता निवडता आई मला हा सगळा मुलूख फिरवून आणायची. भूगोलात मी काठावर पास होणारी, पण हा रस्ता मला तोंडपाठ होता. गडाच्या पायथ्याशी आलं की मात्र ती थांबायची. पुढचं विचारलं की म्हणायची, "पायरीचं कडवं घरी नाही म्हणत वं. तिथं गेल्यावरच आयकायचं." ती स्वतः कधी गेली नव्हती, त्यामुळे तिनंही ते ऐकलेलं नव्हतं.

मी जाणार नाही असं सांगितलं, तेव्हा आईनं डाव्या हातानं मला दाराकडे ढकललं. पुन्हा पुन्हा ढकललं. शेवटी नवरा म्हणाला, "जाऊन ये तू. आईले मी पाह्यतो." मी निघाले ती रागातच, देवाला जाब विचारायला.

कन्हानचा पूल आला आणि कडवं आपसूक ओठांवर आलं. पुढे घाट आला, दरी आली. खिडकीतून दिसणारं सगळं माझ्या ओळखीचं होतं आणि म्हणूनच जास्त वाईट वाटत होतं. हे पाहायचा हक्क तिचा होता, आणि खिडकीशी मी बसले होते.

गडावर खांद्यावर त्रिशूळ घेतलेल्या माणसांची रीघ होती. स्पीकरवर नवी गाणी वाजत होती. दिसेल त्या बायांना मी आईचं गाणं विचारत चढले, कुणालाच ते ठाऊक नव्हतं. देऊळ अगदी जवळ आलं तेव्हा मी पायरीवरच कडेला बसले आणि भर गर्दीत रडू लागले.

एक वयस्क बाई शेजारी टेकली. पाण्याची बाटली पुढे करत म्हणाली, "काहून रडून राहिली वं?"

"आईले यायचं होतं, मावशी. गाणं तिचं हाय. मले पायरीचं कडवं येत नाही."

"म्हण तं खरं. पुढचं माह्याजवळ हाय."

मी म्हटलं. पायथ्याच्या कडव्याशी माझा आवाज थांबला आणि तिचा सुरू झाला:

"गड चढून आली देवा, मांगं वळून पाह्यते,
तुह्या पायरीवरून माह्या मायचं घर दिसते."

मी मागे वळले. डोंगरामागे डोंगर होते, नागपूर कुठलं दिसायला. तरी मला आमचं स्वयंपाकघर दिसलं, तांदूळ निवडायचं सूप दिसलं. जाब विचारायचा राहूनच गेला. डोळे पुसेपर्यंत बाई तिच्या माणसांसोबत पुढे निघून गेली होती. तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. तिचं नाव विचारलं नाही, याची चुटपुट मात्र आहे.

परतीच्या वाटेत मी ठरवून टाकलं होतं, नियम गेला खड्ड्यात, आईला ते कडवं ऐकवायचं. घरी पोचताच तिच्या कपाळाला अंगारा लावला आणि शेजारी बसून गाणं सुरू केलं. डाव्या हातानं ती ताल धरत होती. पायथा आला. मी पुढचं म्हणायला तोंड उघडलं, तोच तिनं तळहात माझ्या ओठांवर ठेवला. डोळे भरलेले होते, पण मान नाही म्हणत होती. तिथं गेल्यावरच.

तिचे पाय चालत होते तेव्हा मी तिला न्यायला हवं होतं. ही हळहळ कुठल्याही अंगाऱ्यानं जात नाही. महादेवाशी मात्र आता बोलते. त्यानं मला तिच्या वाटेवरून फिरवून आणलं, याबद्दल हात जोडते.

रोज संध्याकाळी मी गाणं म्हणते, आई ताल धरते आणि आम्ही पायथ्यापर्यंत जातो. तिथं मी थांबते, ती माझा हात दाबते. पुढचं कडवं तिला महादेवानंच आपल्या पायरीवर ऐकवावं, एवढंच मी त्याच्यावर सोडलं आहे.