कोबाल्टवाल्यांचा पोस्टग्रॅज्युएट कोर्स

कॅन्सरच्या दवाखान्यात कसले आले किस्से, असं लोक म्हणतात. मी म्हणतो, एकदा या अन् आमच्या रेडिएशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून पाहा! जिनिंगमधून निघालेल्या माणसाच्या अंगाला कापूस चिकटतो ना, तसे हे किस्से आम्हाला चिकटतात. घरी जाऊन कितीही झटका, दुसऱ्या दिवशी बाहीवर एखादा असतोच.

मी गजानन. यवतमाळला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट होतो. म्हणजे डॉक्टर सांगतील तेवढे किरण, सांगतील तिथंच पेशंटला देणारा माणूस. आम्ही तिघं. सगळ्यात सिनिअर सुनंदाताई, दारव्ह्याची. तिचे वडील दरवर्षी दीक्षाभूमीहून पिशवीभर पुस्तकं आणायचे, त्यातली अर्धी हिनंच संपवलेली. दुसरा राठोड, दिग्रसकडच्या तांड्यावरचा, तोंडाचा फटकळ. तिसरा मी. मशीन एकच, कोबाल्टची, अन् तीही राठोडपेक्षा वयानं मोठी. कापसाचे ते फार वाईट दिवस होते. टीव्हीवर यवतमाळचं नाव आलं की आम्ही आवाज कमी करायचो.

*

सुरुवात अध्यक्षांनी केली. एक दिवस विभागात आले, मशीनवर हात ठेवला अन् म्हणाले, "एक गृहस्थ नवी मशीन द्यायला तयार आहेत. पण त्यांची अट आहे. ती चालवणारा एक तरी माणूस पोस्टग्रॅज्युएट पाहिजे, अन् तो इथंच राहणारा पाहिजे. नाहीतर मशीन नागपूरला जाईल."

"अन् आपली ही?" ताईनं विचारलं.

"ही किती दिवस ओढायची? मग पेशंटही नागपूरलाच पाठवू. काय, तीन-चार तासांचा तर रस्ता आहे!"

ताईचा चेहरा उतरला. तिच्या आईला घशाचा कॅन्सर होता. यवतमाळला तेव्हा मशीन नव्हती, म्हणून नागपूरला शेक सुरू केला होता. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. तो महिना-दीड महिना रोज घ्यावा लागतो. नागपूरला राहायला जागा नाही, ओळखीचं कोणी नाही, आई अर्ध्यातूनच परत आली अन् गेली.

अध्यक्ष गेल्यावर ताई म्हणाली, "माही माय बिमारीनं नाही मेली गजू. रस्त्यानं मेली."

राठोडसारखा फटकळ माणूस उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आला, आता बोला!

*

नोकरी सोडून शिकायला जावं, तर मशीनवर कोण उभं राहणार? म्हणून घरी बसून, पोस्टानं अन् कॉम्प्युटरवर शिकता येईल असा कोर्स शोधायचं ठरलं. बसस्टँडजवळ एक सायबर कॅफे होता. लोडशेडिंग संपून लाइट आली की ताई अन् राठोड तिकडे धावायचे. मी नाही. मला एका डिप्लोमातच घाम फुटला होता.

एके ठिकाणी कायदा, हिशोब, बागकाम, सगळं पोस्टानं शिकवत होते, रेडिएशन सोडून. दुसरीकडे सगळं छान होतं, फक्त दर उन्हाळ्यात इंग्लंडला या म्हणत होते. राठोड म्हणाला, "आमच्या तांड्यातले लोक उन्हाळ्यात विहिरीपाशीच नंबर लावून बसतात. इंग्लंडले कोण जाते!"

शेवटी परदेशातल्या एका विद्यापीठाचा कोर्स सापडला. दूरच्या भागात काम करणाऱ्यांना त्यात आधी जागा होती. म्हणून अर्जात प्रश्न होते. सगळ्यात जवळची मेडिकल लायब्ररी किती दूर? जवळचा तज्ज्ञ किती दूर? वीज दिवसातून किती वेळ असते?

राठोड वैतागला. "ताई, हे अर्ज भरून घेऊन राह्यले का आपली इज्जत काढून राह्यले?"

"अबे, आपुन किती मांगं आहो हे कोणीतरी पह्यल्यांदा मार्क द्यायसाठी विचारून राह्यलं! भर लवकर, लाइट जाईन!"

राठोडनं भरला. पण सही करताना स्पष्ट सांगितलं, "मी पास झालो तर मस्कतले जाईन ताई. मेव्हणा हाय तिथं. आपल्याच्यानं इथल्या पगारात निघत नाही."

"जाजो. मी हाय ना इथं."

म्हणजे मशीन यवतमाळला यायची तर ताईच पास व्हायला पाहिजे होती. हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

*

पहिला ऑनलाइन वर्ग. त्या दिवशी मीही कॅफेत बघायला गेलो होतो. स्क्रीनवर जगभरचे विद्यार्थी टाइप करून आपापली ओळख देत होते. मी कुठला, माझ्याकडे कोणती मशीन. एकाची नवी, दुसऱ्याची त्याहून नवी. ताईनं टाइप केलं, सुनंदा, यवतमाळ, कोबाल्ट.

मग एका पोरीनं लिहिलं, "अय्या, कोबाल्ट? आमच्याकडे ते म्युझियममध्ये ठेवलंय!"

राठोडचे कान लाल झाले. तो काहीतरी भयंकर टाइप करणार होता. ताईनं त्याचा हात बाजूला केला अन् एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं, "आमच्याकडे त्याच्यासमोर रांग आहे."

तेवढ्यात लाइट गेली. त्या पोरीनं पुढं काय लिहिलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

*

आमच्या कामात पेशंटच्या अंगावर जांभळ्या शाईनं खुणा काढतात. रोज किरण त्याच जागी पडायला पाहिजेत, म्हणून. त्या खुणा पुसू द्यायच्या नाहीत, हे आम्ही इतक्या वेळा सांगतो की झोपेतही बडबडतो.

पांढरकवड्याकडची एक कोलाम आदिवासी बाई होती, छातीचा शेक चालू झालेला. शनिवार-रविवार घरी जायची, कापूस वेचायची, अन् सोमवारी घामानं खुणा अर्ध्या पुसून यायची. ताई एकदा चांगलीच रागावली. "वं माय, खुणा गेल्या तर शेक भलत्याच जागी बसीन ना!"

बाई ऐकून गेली. पुढच्या सोमवारी आली अन् पदर बाजूला केला. बघतो तर काय! आठवडी बाजारातल्या गोंदणवालीकडून तिनं सगळ्या खुणा गोंदून आणल्या होत्या. शाईच्या बरोब्बर वर. मधल्या ठिपक्याला तर बारीकसं फूलही काढलेलं!

डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. शेक चालू असलेली कातडी, तिच्यावर सुई टोचून आली, म्हणून काळजीत पडले. बाई मात्र खूश. "आता नाही जात," म्हणाली.

योगायोग असा, की त्याच महिन्यात ताईला कोर्सचा निबंध होता. तिकडे म्हणे खुणा गोंदूनच काढतात, अन् गोंदवून घ्यायला पेशंट नाराज असतात, त्यांची समजूत कशी काढाल? ताईनं सरळ या बाईची हकीकत लिहून पाठवली. तपासून आला तेव्हा शेवटी प्राध्यापकांची लाल शाईतली ओळ, "उत्तम. परंतु गोंदणासाठी लेखी संमती घेतली होती काय?"

राठोड ओरडला, "अहो, तिनंच आपली नाही घेतली!"

*

मग ताईचा प्रोजेक्ट आला. पेशंट उपचार अर्ध्यात का सोडतात, हाच विषय तिनं घेतला. दुसरा कोणता घेणार होती ती? विद्यापीठानं प्रश्न पाठवले होते, ताईनं ते मराठीत केले. पेशंटजवळ बसायचं अन् एकेक विचारायचं.

ढाणकीकडचा एक कापूसवाला शेतकरी होता, गालाचा कॅन्सर. गमत्या माणूस. बाकावर बसून सगळ्यांना हसवायचा. ताईनं त्याला विचारलं, "भाऊ, या आठ दिवसांत तुमच्या मनाले किती त्रास झाला? एकापासून दहापर्यंत सांगा. एक म्हंजे काहीच नाही, दहा म्हंजे लय."

त्यानं गालावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाला, "ताई, कापसाचं धरून सांगू, का सोडून?"

ताईनं पेन टेबलावर ठेवलं. त्या दिवशी तिनं पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. दोघांसाठी चहा मागवला अन् त्याच्यापाशी बसून राहिली.

*

वर्षाअखेर परीक्षा. सेंटर नागपूरला, एका कॉलेजात. मी दोघांना सोडायला गेलतो, व्हरांड्यात उभा होतो.

आता आमच्या कामाची एक सवय सांगतो. पेशंटला टेबलावर झोपवलं की आम्ही सगळे बाहेर पडतो, दार लावतो, मग किरण सुरू. आमच्याकडे सुरू व्हायच्या आधी बजर वाजतो. बजर वाजला अन् तुम्ही आत आहात, म्हणजे संपलंच! तो आवाज आमच्या पायांत बसलेला आहे.

त्या कॉलेजात पेपर सुरू झाल्याची घंटा नव्हती. बजर होता.

तो वाजला, अन् सगळे पेपर उघडत असताना आमचे दोन परीक्षार्थी ताडकन उठून दाराबाहेर! राठोडनं तर मागून दारही ओढून घेतलं. आतून पर्यवेक्षक दार ठोकतायत, बाहेर हे दोघं माझ्याकडे पाहतायत. ताईला आधी भान आलं. "अबे, पेपर राह्यला आत!"

परत घेतलं त्यांना, पण दोघांचं सगळं लक्ष त्या बजरकडेच. दोघांचाही त्या दिवशीचा, किरणांपासून सुरक्षिततेचा म्हणजे सेफ्टीचा, पेपर राहिला. बाकी सगळं निघालं. काही दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं, हा कोर्स आम्ही बंद करत आहोत, राहिलेला पेपर पुढच्या वेळी देता येईल, त्यानंतर नाही. अध्यक्ष म्हणाले, "आम्हीही तेवढंच थांबू शकतो, सुनंदाताई."

ताईनं तो सेफ्टीचा विषय असा पाठ केला, की जेवतानाही तोंडातल्या तोंडात नियम म्हणायची. मी तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती.

*

तो शेवटचा पेपर दुपारी होता. राठोड आदल्या दिवशीच नागपूरला गेला. ताई सकाळचे थोडे पेशंट माझ्याबरोबर उरकून जीपनं निघणार होती. तिच्यानंतर डॉक्टर माझ्याजवळ उभे राहणार होते. जीप येऊन फाटकाशी लागलेली.

टेबलावर राजूरचा एक म्हातारा होता. उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला. कोबाल्टच्या मशीनमध्ये किरण सोडणारा एक लहानसा तुकडा असतो. बटण दाबलं की तो पुढं येतो, वेळ संपली की आपोआप मागं जातो. मग दिवा हिरवा होतो, अन् आपण आत जातो.

वेळ संपली. दिवा हिरवा झाला नाही.

मी इमर्जन्सीचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. तुकडा पुढंच अडकलेला, म्हातारा त्याच्याखाली. अशा वेळी काय करायचं ते भिंतीवर लिहिलेलं असतं, अन् खरं सांगतो, त्या क्षणी मला मराठी वाचता येईना!

ताईनं दार उघडलं अन् आत गेली. भिंतीला धरून, किरणांचा झोत चुकवून बाजूनं, पण बोलत बोलत. "बाबा, मी आली. भेऊ नोका. मशीन जराशी अडून बसली. माह्या गळ्यात हात टाका."

म्हातारा म्हणाला, "पोरी, खाणीत भोंगा झाला की सारे बाहीर पयतात. तू आत काहून आली?"

"तुमाले न्याले."

तिनं त्याला ओढून बाहेर आणलं, माझ्या हातात दिलं, अन् मशीनची लोखंडी सळई घेऊन परत आत गेली. तुकडा आत ढकलला. दिवा हिरवा झाला. सगळं मिळून फार वेळ लागला नसेल, पण मी तेवढ्यात म्हातारा झालो.

डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमचा किरण मोजायचा बॅज तपासायला पाठवतो. तुम्ही ठीक आहात. जीप उभी आहे, जा. अजून पोचाल."

ताई निघालीही होती. पण बाहेर बाकावरचे लोक उठून पिशव्या गोळा करत होते. मशीन फुटली, शेक बंद झाला, चला घरी, असं कोणीतरी बोललं होतं. एक बाई तर फाटकापर्यंत पोचली होती.

ताई थांबली. "हे आज गेले तर वापस येत नाहीत, साहेब."

ती त्यांच्यात जाऊन बसली. एकेकाचा हात धरून सांगत होती, इंजिनिअर येऊन राह्यला, मशीन सुदरते, कोणी जाऊ नोका. जीपवाल्यानं हॉर्न दिला, परत दिला, अन् गेला. मी ताईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

कोणीच घरी गेलं नाही.

संध्याकाळी राठोड आला. त्याला काहीच माहीत नव्हतं, त्याचा मोबाइल बंद होता. चेहरा असा खुललेला! "ताई, काहून नाही आल्या? पेपर काय सोपा होता म्हणून सांगू!"

"काम निघालं रे. काय होतं पेपरात?"

"पह्यलाच प्रश्न, सगळ्यात जास्त मार्कांचा. किरणांचा तुकडा मागं जात नाही अन् पेशंट टेबलावर आहे, काय कराल ते क्रमानं लिहा. आता सांगा, असं कुठं खरं होते का? पण मी सारं लिहिलं. इमर्जन्सी बटण. बाजूनं आत जावं. पेशंट बाहेर काढावा. दार लावावं. मग सळई. बॅज तपासावा. हाय का काही राह्यलेलं?"

ताई सगळं लक्ष देऊन ऐकत होती. बोटांवर एकेक मोजत होती.

"म्हाताऱ्याशी बोलाचं राह्यलं तुझं," ती म्हणाली.

राठोडनं खिशातून प्रश्नपत्रिका काढली अन् वरपासून खालपर्यंत पाहिली.

"ताई, प्रश्नात म्हातारा कुठं होता?"