खोबऱ्याचा खोकला

मला कुणी 'गोड' म्हटलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. मी ड्रम वाजवते. माझा आणि माझ्या मैत्रिणीचा, असा आमचा दोघींचाच बँड आहे. ती गिटार वाजवते आणि गाते, मी बडवते आणि मधूनमधून ओरडते. इंडी रॉक म्हणतात असल्या संगीताला. आमच्या आल्बममध्ये गोड असं काही म्हणजे काही नव्हतं. आठही गाणी आम्ही शिव्या गिळून लिहिली होती आणि त्यातल्या निम्म्या तरी ऐकणाऱ्याला बरोबर ऐकू याव्यात याची काळजी घेतली होती. तरीही सांगलीत भरल्या सभागृहात, ज्याच्यावर ती गाणी केली तोच माणूस माईक हातात घेऊन म्हणाला, "आमच्या पोरी लय गोड गातात बरं का!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात तेव्हा काठ्या होत्या. कुणाच्या टाळक्यात घातल्या नाहीत, हे माझ्या आईचं वळण.

आम्ही दोघी कुपवाडला एका खोलीत राहतो. मी एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे मी तपासलेले पंप गावोगाव पाणी उपसतात, आणि आटपाडीकडच्या आमच्या वाडीत आई टँकरची वाट बघत बसते. मैत्रीण त्याच कारखान्यात ऑफिसला. तिचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. घरचा ऊस, वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. गिटार ती कुठल्या तरी छावणीतल्या शाळेत शिकली. मी शिकले चुलत्याच्या ढोलावर. आमच्यात बाईनं ढोलाला हात लावायचा नसतो, म्हणून तर मी लावला. तिच्याकडे उसाला पाट भरून पाणी आणि आमच्याकडे प्यायला नाही, यावरून आमची महिन्यातून एकदा तरी जुंपते. मग एकीनं चहा टाकला की मिटतं.

सुट्टीच्या दिवशी मशिनी बंद असल्या की मालक आम्हाला शेड उघडून द्यायचा. पत्रा असा दणाणायचा की वॉचमन दोन्ही कानांवर हात ठेवून रस्त्यापलीकडं जाऊन बसायचा. तिथं आल्बम झाला. नाव ठेवलं 'शुभेच्छुक'. पहिल्या गाण्यात वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची सगळी विशेषणं एका दमात म्हणायची होती. एक गाणं पक्ष बदलणाऱ्यावर होतं, इतक्या भराभरा बदलतो की सकाळी गाडी कुठल्या ऑफिसला न्यायची हे ड्रायव्हरला विचारावं लागतं. एक सांत्वनाला येणाऱ्यावर. तो रडणाऱ्या बाईच्या डोक्यावर हात ठेवतो आणि मान मागं वळवून फोटोवाल्याला विचारतो, "आला का?"

आणि एक आईचं.

आमच्या वाडीच्या नळयोजनेचं भूमिपूजन त्याच एका बाभळीखाली पुन्हा पुन्हा झालं आहे. शेजारच्या गावापर्यंत पाइप आला, पुढचा तुकडा तेवढा राहिला. निवडणूक जवळ आली की साहेब येतात. नाव कशाला घेऊ, आमच्या भागात सगळे साहेबच म्हणतात, घरी आरशात बघून तेही साहेबच म्हणत असतील. येतात, हळदीकुंकू लावलेली कुदळ मारतात, नारळ फोडतात, खोबऱ्याचे तुकडे वाटतात, जातात. तिसऱ्या वेळचा नारळ फुटला त्या दिवशी मी आईला फोन केला तर ती खोकत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काय व्हतंय? आज परत नारळ फुटला न्हवं. त्येंचं खोबरं खाऊन खाऊन खोकला लागला बग, वर घोटभर पाणी मातुर न्हाई."

मी हसले, आणि फोन ठेवल्यावर इतकी चिडले की भिंतीवर उशी आपटली. तेच आमचं गाणं झालं. 'खोबरं खाऊन खोकला आला, सायब, पाणी कवा?' एवढंच धृपद. मध्ये जिथं ड्रमचा तुकडा यायला पाहिजे तिथं आम्ही दोघी नुसत्या खोकायचो, तालात. बाकी सात गाणी कुणी ऐको न ऐको, हे एक त्या माणसाच्या कानात जावं आणि आत जाऊन टोचावं, एवढीच माझी इच्छा होती. तीच माझी पहिली आणि शेवटची महत्त्वाकांक्षा.

प्रकाशनाला सभागृह पाहिजे होतं. मैत्रिणीच्या वडिलांनी ओळखीनं एका संस्थेचं मिळवून दिलं. व्यवस्थापक म्हणाले, द्यायला हरकत नाही, पण प्रमुख पाहुणे? पाहुण्याशिवाय आपल्याकडे बारसंसुद्धा होत नाही. संस्था साहेबांच्या घरातली, मग पाहुणे दुसरे कोण येणार! मी नाही म्हणत होते. ती म्हणाली, "अगं, येऊ दे की. तोंडावर ऐकव. अशी संधी परत मिळंल का?"

पटलं मला. खरं सांगायचं तर मी हरखलेच. आता हे उठून जाणार, माणसं खुर्च्या फेकणार, वायरी उपटणार. आम्ही तयारीही केली होती. गाण्यांची एक प्रत तिच्या मावशीकडं ठेवली, आणि मी साडी नको, पळता येईल असे कपडे घातले.

कसलं काय! साहेब उशिरा आले, दिवा लावला, पहिल्या रांगेत बसले आणि हसायला लागले. फ्लेक्सच्या गाण्याला मांडीवर ताल धरला. पक्ष बदलणाऱ्याच्या गाण्याला शेजारच्याला कोपरानं ढोसलं, जसं काही ते शेजाऱ्यावरच होतं. आईचं गाणं सुरू झालं तेव्हा मी काठ्या घट्ट धरल्या आणि त्यांच्या तोंडाकडं बघत वाजवायला लागले. खोकल्याची जागा आली. आम्ही खोकलो. तर साहेबांनी मूठ तोंडाशी नेली आणि तेही खोकले! मागच्या रांगेतले कार्यकर्ते खोकले. अख्खं सभागृह खोकून खोकून हसलं. वर 'वन्स मोअर'!

मग भाषण. "लोकशाहीत टीका पायजेच. या माझ्या मतदारसंघाच्या लेकी हायत. लेकीनं बापाला बोलायचं न्हाई तर कुणी बोलायचं?" वा रे बाप! स्वतःचा खराखुरा बाप मला माहीत आहे, त्यानं कधी पाण्यावाचून ठेवलं नाही, खांद्यावरून आणून घातलं. पण मी तिथं उभी, काठ्या बाजूला ठेवून गळ्यात शाल, हातात श्रीफळ. होय, श्रीफळच. नारळावर गाणं केलं तर बक्षीस म्हणून नारळ. सूत्रसंचालकाला तेवढ्यानं भागेना. "ज्या माऊलीच्या तोंडून हे गीत स्फुरलं..." म्हणत त्यानं आईला वर बोलावलं. आई सकाळच्या एसटीनं आटपाडीहून आली होती, धुवट लुगडं नेसून. साहेबांनी वाकून तिच्याही हातात नारळ दिला. फोटो निघाला. सांत्वनाच्या गाण्यातला तो प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला. साहेबांनी मान वळवली आणि विचारलं, "आला का?"

खोलीवर आल्यावर मी आईवर खेकसले. "तू घेतलाच कशाला तो नारळ?"

"आगं बया, म्होरं आल्याला नारळ नाकारत्यात व्हय?" आई म्हणाली. "देवाचं असतंय त्ये." आणि तिनं तो पिशवीत घालून गावाकडं नेला.

पुढचे आठ-पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात संतापाचे. आमचा खोकला रीलवर आला. साहेब गाडीतून उतरताहेत, हळू चालताहेत, आणि मागं आमचं धृपद. कार्यकर्त्यांच्या फोनची रिंगटोन तीच. आटपाडीच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. वर साहेब हात जोडून, खाली आम्ही दोघी नारळ धरून, आणि अक्षरं अशी, 'आमच्या गोड लेकींचे हार्दिक अभिनंदन'. फ्लेक्सवर गाणं करणाऱ्या आम्ही फ्लेक्सवर! कारखान्यात लोक पेढे मागायला लागले. बंदी घातली असती तर परवडलं असतं. मारायला आले असते तर एक-दोन मी पण दिल्या असत्या. पण हे लाड करून तोंड दाबणं, याला काय करायचं? ओरडायलासुद्धा जागा ठेवत नाहीत. माझ्या आईच्या घशातला खोकला काढून घेतला आणि त्याची करमणूक केली. मी गाणं करायचं सोडणार होते. काठ्या पेटीत टाकून पेटी कॉटखाली ढकलली होती.

त्यातच त्यांच्या पीएचा फोन आला. वाडीत परत भूमिपूजन आहे, या वेळी काम नक्की, साहेबांची इच्छा आहे की तिथं तुमचं खोकल्याचं गाणं व्हावं. "फकस्त शेवट तेवढा बदला, ताई. 'पाणी आलं, सायब, पाणी आलं' असं करा."

"पाणी कुठं आलंय?" मी म्हटलं.

"येतंय की आता. पर गाणं आधी पायजे."

मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन आपटला आणि वळले तर ती माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "म्हणून टाकू गं. चार ओळी तर हायत. आपण न्हाई म्हणालो म्हणून त्यांनी चिडून पाइप अडवला तर?"

"तुला काय जातंय बोलायला? तुझ्या उसात पाणी तुंबलंय."

"आणि तुझ्या आईच्या हंड्यापेक्षा आपलं गाणं मोठं हाय का?"

मी आणखी चिडले. त्या दिवशी चहा कुणीच टाकला नाही. शेवटी मीच आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. गाणं बदलून म्हटलं तर कदाचित नळ येईल, नाही म्हटलं तर कदाचित येणारही नाही. तू सांग, काय करू?

आई म्हणाली, "तुमी नगा म्हणू. तुमी नुसतं या. गाणं समद्या बायास्नी पाठ झालंय."

स्कूटीवर निघालो दोघी. वाद्यं नाहीत, काही नाही. बाभळीखाली मांडव घातला होता, सतरंजीवर वाडीतल्या बाया बसल्या होत्या, आई पुढंच होती. पीए धावत आला. मी तोंड उघडायच्या आत मैत्रीणच म्हणाली, "शेवट आम्ही बदलणार न्हाई, आणि गाणारबी न्हाई." तिच्या वडिलांचा साहेबांबरोबरचा फोटो घरात लागला होता, तरी ती हे बोलली. मी तिचा हात दाबला.

कुदळ मारून झाली, नारळ फुटला. साहेब माईकशी आले. "आमच्या लेकी आज रुसल्यात वाटतं," ते म्हणाले. "आसू दे, गाणं मलाच येतंय की!" त्यांनी मूठ तोंडाशी नेली आणि सांगलीत खोकले होते तसंच खोकून दाखवलं. मग हसण्यासाठी थांबले.

कुणी हसलं नाही. पदर तोंडाला लावून आई खोकली. शेजारची खोकली. मग मागची. साहेब म्हणाले, "तर या योजनेसाठी मी..." आणि अख्खी सतरंजी खोकली. ते थांबले की बाया थांबायच्या. ते बोलायला लागले की खोकायच्या, बरोबर त्या तालात, जो मी आणि तिनं पत्र्याच्या शेडमध्ये बसवला होता. दोन-तीनदा त्यांनी हसून बघितलं. मग हसू गेलं. घसा कोरडा पडला असावा, त्यांनी पाणी मागितलं. कुणीतरी सीलबंद बाटली उघडून दिली आणि सगळ्या वाडीदेखत ते घटाघटा प्याले. भाषण तिथंच संपलं.

पाणी आलं का, असं मला लोक विचारतात. नाही आलं. हे लिहितेय तोवर तरी नाही, आणि माझा राग होता तिथंच आहे. पण पेटी मी त्याच दिवशी कॉटखालून बाहेर काढली.

कारण भाषणानंतर कार्यकर्ता खोबऱ्याच्या तुकड्यांचं ताट घेऊन बायांच्या रांगेपुढं आला. देवाचं म्हणून आजवर ज्या ताटाला वाडीत कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं, ते ताट त्यानं सगळ्यात आधी आईपुढं धरलं. साहेब गाडीशी उभे राहून बघत होते. आईनं ताटाला हात जोडले, पण तुकडा उचलला नाही.

"नगं बाबा," ती म्हणाली. "खोकला हाय."

तो शेजारणीकडं सरकला. तीही तेच म्हणाली. तिच्या पुढचीही तेच म्हणाली. रांग संपली तेव्हा ताट भरलेलंच होतं.