सुमनबाईंच्या वाटीतलं वरण

फोन सकाळी साडेसातला आला. नांदेडहून माझा पुतण्या प्रकाश बोलत होता. "काकू, आई गेली." डॉक्टरांनी दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलाय, असंही म्हणाला. त्याला आता महिना होऊन गेला. न्यूमोनिया खोटा नाही, पण तो अगदी शेवटी आला. माझ्या मोठ्या जाऊबाई, सुमनबाई, अडुसष्टाव्या वर्षी का गेल्या हे कुठल्याच कागदावर नाही, म्हणून लिहायला बसले.

रेणापूरजवळच्या आमच्या घरात तूर स्वतःच्या रानातली. डाळीला तोटा कधीच नव्हता. तरी वाढायची रीत अशी, की पळी तळापर्यंत घालून घट्ट वरण आधी पुरुषांना, मग मुलांना, आणि बायका जेवायला बसेपर्यंत उरलेल्यात पाणी ओतून एक उकळी. वर प्रत्येक वयाला कारण तयार. गरोदर असेल तर मूल मोठं होऊन अडेल, बाळंतीण असेल तर बाळाचं पोट दुखेल, चाळिशीनंतर वात, साठीनंतर पचत नाही... अंगाला ज्या ज्या काळात जास्त लागतं, नेमकं तेव्हाच ताटातून काढायचं.

प्रकाश जन्मला तेव्हा दोन किलोही भरला नव्हता. पुढं मला दिवस गेले आणि सासूबाईंनी तेच सुरू केलं, तर बाईंनी पातेलं तळापासून ढवळून माझी वाटी काठोकाठ भरली. सासूबाई बोलल्याच. बाई म्हणाल्या, "म्या ऐकलं तुमचं. पोरगं मांजराच्या पिल्लाएवढं झालं. हिला खाऊ द्या." माझी मुलगी तीन किलोची झाली. स्वतःच्या वाटीत मात्र बाईंनी पाणीच घेतलं. मी टोकलं तर हसल्या, "माझं आता काय वाढायचं ऱ्हायलंय?" तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या.

यंदा नांदेडला प्रकाशकडं बाई न्हाणीत पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांनी प्रकाशसमोर आणि माझ्यासमोर सांगितलं, की धडधाकट माणसाला वजनाच्या किलोमागं साधारण एक ग्रॅम प्रथिनं लागतात, या वयात आणि हाड जुळताना त्याहून जास्त. बाईंचं वजन एक्केचाळीस किलो, म्हणजे रोज पन्नासेक ग्रॅम. मूत्रपिंडं ठीक आहेत, हेही त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं. मग खाटेजवळ बसून बाईंच्या नेहमीच्या जेवणाचा हिशेब केला. दोन भाकरी, थोडा भात, वरणाचं पाणी, चहातलं दूध... ओढूनताणून बावीस. घट्ट वरण, दूध, दही, अंडी असं सगळं कागदावर लिहून दिलं. मी लातूरला घरी परतले.

आठवड्यानं गेले तर डब्यात तांदळाची पेज. डाळीनं जखमेत पू होतो, असं कुणी तरी प्रकाशला सांगितलं होतं. अंडं उष्ण म्हणून तेही बंद. मी चिडले. इंजिनिअर झालेला माझा पुतण्या म्हणाला, "काकू, रिस्क कशाला घ्यायची?" तज्ज्ञांचं ऐकणं याला रिस्क वाटत होतं, आईला उपाशी ठेवणं वाटत नव्हतं.

बाईंचं मागणं एकच होतं. "संडासला तेवढं माझ्या पायानं जाऊ दे गं, मंगल. हे भांडं नको." मी दोन दिवस राहून हातानं भरवलं, मग घरची कामं आठवून निघून आले. त्याचा राग माझ्यावरही आहे. वॉकर धरून त्या उभ्या राहायच्या, पाय लटलट कापायचे, परत बसायच्या. मांडीवर मांसच नव्हतं. सहा आठवडे पडून राहिल्या आणि छातीत कफ भरला. स्वतःच्या पायानं त्या एकदाही गेल्या नाहीत.

तेराव्याला त्यांच्या नावाचं पान वाढलं. घट्ट वरण, वर तूप, दोन पुरणपोळ्या, वडे, दह्याची वाटी. मी मनातल्या मनात मोजलं. एका पानात तीस ग्रॅमच्या वर गेलं. पान गच्चीवर ठेवताना प्रकाश म्हणाला, "आईला पुरण लई आवडायचं, काकू."

मी विचारलं, "कधी खाताना पाह्यलंस?"