बाहीच्या खिशातलं कार्ड

बेडकाला पोहायला कोणी शिकवलं, हे विचारायची सोय नव्हती. "बेडकाला कोण शिकवतं?" असं उलट विचारून तो समोरच्याला गप्प करायचा. फुगीर गाल, बसकं नाक आणि पाण्यात पाय झाडायची तऱ्हा बघून शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव पन्नाशी जवळ आली तरी त्याला चिकटून होतं. खरं नाव उरलं होतं लायसन्सवर आणि सासऱ्यांच्या तोंडी. धक्क्याला लागून त्याचं डायव्हिंगचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर आणि बाजूच्या बोळात खुंट्यांवर वाळत घातलेले काळे रबरी सूट. काउंटरवर त्याची बायको बसायची. तिला सगळे वहिनी म्हणायचे, वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा.

दुकानाचा एक नियम होता. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचं एक प्लास्टिकचं कार्ड असायचं. त्यावर नाव, रक्तगट, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे का ते, घरचा फोन आणि विमा कंपनीचा नंबर. वहिनी ते स्वतःच्या हाताने सूटच्या बाहीवरच्या खिशात घालून झिप ओढायची. कार्ड नसलेल्याला बेडूक बोटीवर पाय ठेवू देत नसे. कोणी कुरकुर केली तर म्हणायचा, "साहेब, पाण्यातून वर काढलेला माणूस बोलेलच असं नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलायला नको?" सुट्टीवर आलेल्या माणसांचे चेहरे एवढेसे व्हायचे. मग तोच हसवायचा, "घाबरू नका, त्यावर फोटो लावत नाही. दिसण्याची काळजी सोडा."

आणि त्याचं स्वतःचं कार्ड? ते काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँड आणि जुन्या किल्ल्यांच्या संगतीत. विमा दरवर्षी वहिनी न चुकता भरायची, नवं कार्ड करून त्याच्या हातात द्यायची, आणि संध्याकाळी ते परत ड्रॉवरमध्ये सापडायचं. "मला कशाला? इथे मला मासेसुद्धा ओळखतात," हे त्याचं ठरलेलं उत्तर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण एकट्या त्याला तरी काय बोलायचं? या धंद्यातले सगळे जुने गडी असेच. आपल्याला ओळखणारा किनारा कुठेतरी संपतो, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

त्या आठवड्यात एक वकील आले होते. अंगाने बेडकासारखेच रुंद, स्वभावाने भित्रे, पण हौस दांडगी. आठवडाभर रोज उतरणार म्हणून एक सूट त्यांच्यासाठीच राखून ठेवला होता आणि त्यांचं कार्ड त्याच्या बाहीतच राहू दिलं होतं. रोज काढा-घाला कोण करणार?

त्या दिवशी सकाळी बेडूक वकिलांना घेऊन दोनदा खाली जाऊन आला. दुपारी धक्क्यावरून एका बोटवाल्याने हाक मारली. वरच्या बंदरातली त्याची मासेमारीची बोट तिकडच्याच बाजूला समुद्रात उभी होती, नांगर तळाच्या खडकात अडकला होता, म्हणून तो छोट्या होडीतून आला होता. वहिनी म्हणाली, "दोनदा जाऊन आलात ना? आज पुरे. तो उद्या काढेल नांगर."

"त्याची बोट रात्रभर खुंटीला बांधल्यासारखी राहील. हा गेलो आणि हा आलो."

हा गेलो आणि हा आलो! या एका वाक्यावर तिने आजवर किती चहा गार केले, त्याचा हिशेब नाही. ती रागाने हिशेबाच्या वहीकडे वळली, त्यामुळे तो बोळातून कसा गेला ते तिने पाहिलं नाही.

वकील काउंटरसमोरच्या खुर्चीत पाय पसरून चहात बिस्कीट बुडवत होते. उन्हं कलायला लागली तेव्हा त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि लगेच लांब धरला. पलीकडून त्यांची बायको हंबरडा फोडून रडत होती.

"अगं, कोणत्या हॉस्पिटलमध्ये? मी इथे बिस्कीट खातोय! कोण म्हणालं बेशुद्ध? अगं मग हे बोलतंय कोण?"

वहिनीला हसू आवरेना. वकीलही हसत सुटले. "फसवाफसवीचे फोन हो हे. म्हणे तुमच्या मिस्टरांना समुद्रातून काढून आणलंय. नाव, रक्तगट, विम्याचा नंबर, सगळं बरोब्बर सांगितलं म्हणे तिला. आता हे सगळं या चोरांना मिळतं कुठून?"

वहिनीचं हसू तोंडावरच थिजलं. "वकीलसाहेब, तुमचं कार्ड कुठे आहे?"

"सूटच्या बाहीत. तुम्हीच तर घातलंत."

ती बोळात धावली. शेवटची खुंटी रिकामी होती. शेजारच्या खुंटीवर बेडकाचा सूट होता, झिपजवळ गळ्यापासून कमरेपर्यंत उसवलेला. म्हणजे वकिलांचा सूट चढवून तोच पाण्यात गेला होता. तिने भिंतीला हात टेकला, पण उभं राहून चालणार नव्हतं. वकिलांच्या कार्डावर अॅलर्जीच्या पुढे 'नाही' असं लिहिलेलं होतं, तिच्याच अक्षरात. आणि बेडकाला एक साधं दुखण्यावरचं इंजेक्शन चालत नसे. मागे एकदा दाढ काढताना ते दिलं, तर घसा सुजून श्वास बंद व्हायची वेळ आली होती.

वकिलांच्या बायकोकडून नंबर घेऊन तिने हॉस्पिटलला फोन लावला. नर्स शांतपणे म्हणाली, "पेशंट अर्धवट शुद्धीत आहेत. सांधे फार दुखतायत, आता इंजेक्शन देतोय."

"देऊ नका! त्यांना ते चालत नाही!"

"कार्डावर तर..."

"ते कार्ड त्यांचं नाही हो! ते माझे मिस्टर आहेत!"

"बाई, त्यांच्या मिसेसशी आमचं आत्ताच बोलणं झालंय."

वकिलांनी फोन तिच्या हातातून घेतला. बोलताना त्यांच्या मिशीला बिस्किटाचा चुरा तसाच होता, पण आवाज कोर्टातला होता. "मॅडम, कार्डावरचा माणूस मी आहे. विमा कंपनीला माझी जन्मतारीख विचारा, मी आत्ता सांगतो. आधी ते इंजेक्शन बाजूला ठेवा, मग माझी उलटतपासणी घ्या." पलीकडे धावपळ ऐकू आली. कोणीतरी ओरडून कोणाला तरी थांबवलं. वहिनीने ड्रॉवर उपसून त्याचं कार्ड काढलं.

टॅक्सीत ती कार्ड मुठीत धरून बसली. वकील मात्र बोलत राहिले. घाबरलेला वकील गप्प बसू शकत नाही. मध्येच ते म्हणाले, "वहिनी, माझं कार्ड होतं म्हणून निदान डॉक्टर तरी लगेच मिळाले." ते खरंच होतं, आणि त्याचाच तिला राग येत होता.

डॉक्टर तरुण होती. तिने बेडकाचं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं आणि समजावून सांगितलं. तिसऱ्या खेपेला खोल गेले, नांगर सुटताना दोरीने वर ओढले गेले. इतक्या भरकन वर आलं की रक्तात बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. तिथून जवळ पडलं म्हणून बोटवाल्याने त्यांना त्याच्याच बंदराला, इथे आणलं. त्याला यांचं नावही माहीत नव्हतं. "बेडूक म्हणतात एवढंच सांगत होता बिचारा. आता आत जास्त दाबाखाली ऑक्सिजन चालू आहे. इंजेक्शन वेळेवर थांबलं. पण थोडा परिणाम डोक्यावर झालाय."

"उतरेल ना?"

"बहुतेक. किती, ते आत्ता सांगता येत नाही. त्यांना झोपू द्यायचं नाहीये. आमच्या हाकेला ओ देतायत, हे चांगलं लक्षण आहे."

दाबाच्या ऑक्सिजनची ती लोखंडी खोली एखाद्या आडव्या टाकीसारखी होती. जाड काचेतून तो दिसत होता. तोंडावर मास्क, डोळे छताला लागलेले. दाराशी माइक होता. वहिनीने तो धरला.

"अहो, मी आलेय."

तो हलला नाही.

"अहो, इकडे बघा ना. ए बेडका! ऐकू येतंय का?" रागावली की ती अशीच हाक मारायची आणि तो कुठूनही ओ द्यायचा. आता त्याची पापणीही लवली नाही. तिने त्याचं खरं नाव घेतलं, मग आणखी जोरात घेतलं. डोळे हळूहळू मिटायला लागले.

नर्स पटकन पुढे आली, माइकवर वाकली आणि सवयीने वकिलांच्या नावाने हाक मारली. बेडकाने डोळे उघडले आणि हात वर केला.

वकील खाली बघायला लागले, जणू त्यांनीच काही चोरलं होतं. नर्स ओशाळून म्हणाली, "सॉरी ताई. आणल्यापासून आम्ही याच नावाने बोलवतोय. आता बदलते, त्यांच्याच नावाने..."

"नको," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "बदलू नका. जागे राहू देत."

आत त्याचा हात परत खाली गेला होता आणि डोळे पुन्हा जड होत होते. वहिनीने माइक तोंडाजवळ घेतला आणि वकिलांचं नाव घेऊन नवऱ्याला हाक मारली. त्याने मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं.