पांडेसऱ्यातलं ब्रेकडाउन

अमळनेरच्या फलाटावर माय रडली नाही. गाडी हलली तशी खिडकीशी धावत आली आणि एवढंच म्हणाली, "पोरी, तठे कोनी काही बोलनं तरी उगी राहजो." गप्प राहा म्हणे! मी नवऱ्यामागे सुरतेला पांडेसऱ्यात आले आणि पाहते तर काय, तिथे बोललेलं ऐकूच येत नव्हतं.

नव्वदनंतरचे ते दिवस. आमच्या खोलीला भिंत लावून, आमचे हे कामाला जायचे तो लूमचा, यंत्रमागांचा कारखाना, दिवसरात्र खटाखट. हंड्यातलं पाणी थरथरायचं. नवरा-बायको हातवारे करत जेवायचे. तिथे मी पहिला इंग्रजी शब्द शिकले, ब्रेकडाउन. लूम अडला, ब्रेकडाउन. लाईट गेली, ब्रेकडाउन. बस बंद पडो की कुणाचं बाळंतपण अडो, बाया म्हणायच्या, ब्रेकडाउन झालं. परवा नात सांगत होती, इंग्रजीत माणूस रडून कोसळला तरी हाच शब्द, दार तोडलं तरी हाच. म्हटलं, बाई, मला नको शिकवू. मी ते सगळं एका दुपारी पाहिलंय.

शेजारच्या खोलीत वत्सला होती, शिरपूरकडची, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. नवरा रात्रपाळीला. दिवसा झोपायचा, उठला की मारायचा. पट्ट्याने, लाटण्याने, हाताला येईल त्याने. नळावर तिचा सुजलेला डोळा सगळ्यांना दिसायचा. मी आमच्या ह्यांना म्हणायची, तुम्ही बाप्यांनी काही बोला ना. हे म्हणायचे, "आम्हाला तर कधी आवाज आला नाही बुवा." लूमच्या आडोशाला सगळी गल्ली बहिरी!

त्या दुपारी भिंतीला काहीतरी आदळलं. तिच्या दाराच्या फटीतून पाहिलं, तर नवऱ्याच्या हातात लूमचा धोटा, दोन्ही टोकांना लोखंड असलेला. वत्सलाच्या डोक्यातून रक्त गळतंय आणि हा तिच्या छातीवर गुडघा देऊन बसलाय. दार बडवलं, आतून कडी. ओरडले, तर माझा मलाच आवाज येईना. वाटलं, आता ही मरते.

पळत कारखान्यात शिरले आणि मेन स्विच खाली ओढला.

सगळे लूम थांबले. त्या शांततेत वत्सलाची किंकाळी आली, "मरनू वं माय!"

कारखान्याचा शेठ ओरडला, "स्विच कोणे बंद करी?"

"मी केला. ब्रेकडाउन आहे. आता ऐका सगळे."

आता ऐकलं नाही म्हणायची सोय उरली नव्हती. सगळ्यात आधी आमचे हे धावले. बाप्यांनी दार मोडलं, त्याला केसांना धरून फरफटत काढलं आणि असा तुडवला, की शेवटी मलाच मध्ये पडावं लागलं. वत्सलाला रिक्षात घातलं, डोकं माझ्या मांडीवर. माझं लुगडं रक्ताने जड झालं. जगली बिचारी, पण एक कान गेला.

खोली शेठचीच, लूम थांबवले म्हणून त्याने ती काढून घेतली. आम्ही वत्सलाला घेऊनच सुरतेतच पुढे भेस्तानला आलो. अजून शेजारीच राहते. उजवीकडून हाक मारली तरच वळून पाहते, आणि मग बोलायला लागली की थांबत नाही.

गावाकडून तुम्ही बाया विचारता, घरी कधी येणार, इकडे किती शांत आहे. होतं गं, फार शांत. काका माझ्या चुलतीला मारायचा ते नदीपर्यंत ऐकू जायचं. ती त्याच माराने गेली. एकही दार उघडलं नाही. मायने तेव्हा माझे कान घट्ट दाबून धरले होते.

तेव्हा माझी वाट पाहू नका. मेले तरी तिकडे नेऊ नका. इथेच, तापीकाठी जाळा.