भ्रमनिरास झाला, बरं झालं

स्पर्धा परीक्षेच्या नादात मी ‘भ्रमनिरास’ हा शब्द इतक्यांदा घोकला की झोपेतही अर्थ सांगितला असता. तरी तो मला रडकाच वाटायचा. मुळात तसं काही नाही. भ्रम म्हणजे गरगर फिरणं, भ्रमण त्याच्याच घरातलं. निरास म्हणजे बाहेर फेकून देणं, केर टाकतात तसं. यात रडण्यासारखं काय आहे?

हे मला पटलं ते माझी शेवटची संधी गेली त्या दिवशी. अधिकारी व्हायचं म्हणून नऊ वर्षं मी बेगडेवाडीहून गाडी धरून अभ्यासिकेत जात होते. गाव मला आधीच ‘मॅडम’ म्हणायला लागलं होतं. बाजारात तुरी, तसला प्रकार. निकालात नाव नव्हतं आणि वयही उलटून गेलं होतं. मला रडू आलं नाही, भीती वाटली. वडिलांच्या रागाची नव्हे, ते रागावत नाहीतच. त्यांचा चेहरा पडेल याची.

शेजारच्या उर्से गावाच्या बाजूला आमचं भाताचं खाचर आहे. तिथं ते बांध नीट करत होते.

“आबा, न्हाई झालं. आता परत बसता बी येनार न्हाई.”

“कायमचं संपलं म्हंजी?”

“व्हय.”

ते फावडं टाकून मटकन बांधावर बसले.

“एक इचारू का?” ते म्हणाले. “तुला व्हायचंच हुतं का गं सायेब?”

“मला? तुमालाच पायजे हुतं न्हवं?”

“मला कशाला? तू पयल्या दिवशी लय खुशीत गेलतीस. म्हनून मी गप ऱ्हायलो.”

ते माझ्यासाठी गप्प आणि मी त्यांच्यासाठी पाठांतर करतेय. नऊ वर्षं! थोडा संताप आला, खोटं कशाला बोलू. पण तो बाहेर पडायच्या आधीच हसू फुटलं, आणि मग दोघांनाही ते आवरेना. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“मग आता काय करतीस?” डोळे पुसत त्यांनी विचारलं.

“उद्या उशिरा उठनार.”

“ऊठ की. मला बी तुझ्यापायी पाटं चारला च्या करायचा लय कटाळा आलता.”

दुसऱ्या दिवशी मी आठ वाजता उठले. आबा अजून घोरत होते.