आईच्या दोन रिंगा

नरखेडकडच्या गावात आई एकटी राहायची, मी इकडे शहराच्या कडेला, बेशाला. आमचं ठरलेलं होतं. सकाळी चहा झाला की तिनं एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे ती बरी आहे. लागोपाठ दोन आले तर असशील तशी निघून ये. दोन कधी आले नव्हते. उचलायचा मात्र नाही, चुकून उचलला की चिडायची, "काहून उचलला वं?"

मग ज्या बड्या कंपनीचं मेसेजचं ॲप सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होतं, तिनं त्यातच फुकट बोलायची सोय काढली. झालं, मला कोण आनंद! दिवाळीत गावी गेले ती आईच्या मागेच लागले. बटणांचा फोन काढून घेतला, टचस्क्रीनचा हातात दिला, आता रिंग या ॲपवरूनच देत जा म्हटलं. "माह्या फोनचं काय बिघडलं होतं?" ती म्हणाली. मी ऐकते थोडीच! शहाणी ना मी.

त्या दिवशी पहाटेपासून बेशात लाइट नव्हती. साडेसात झाले, आठ झाले, आईची रिंग नाही. मी साधा फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आईच्या शेजारच्या काकूही उचलेनात. मळलेली कणीक तशीच टाकून बसस्टँड गाठलं.

काकूंना निदान मेसेज टाकावा म्हणून एसटीत मोबाइलचं नेट सुरू केलं. घरी वायफाय, म्हणून ते मी बंदच ठेवायची. आणि लाइट नाही म्हणजे वायफाय नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टुणकन आईचे मिस्ड कॉल दिसले. सहा पन्नास. सहा एक्कावन्न. दोन! काटोलला ड्रायव्हर चहाला उतरला तर त्याच्यावर ओरडले. लोक बघत होते, बघू दे.

आई ओसरीवर बसली होती, रस्त्याकडे तोंड करून. न्हाणीत घसरली होती. पाय सुजून टम्म झालेला.

"रिंगा देल्या, फोन चार्जिंगले लावला अन् कशीबशी इथं येऊन बसली. मंग उठताच नाही आलं. तुहा फोन आत वाजून राहिला होता, आयकत होती मी."

मी रडत रडत तिला सांगत सुटले, लाइट, वायफाय, नेट, रिंग मला पोचलीच नाही गं. तिनं सगळं ऐकून घेतलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"पहिल्या गाडीत नाही दिसली, त म्हटलं कामात असंन पोरगी. दुसरीतूनबी नाही उतरली, तवा मी वाट पाहणं सोडून देलं."